पोर्क रोस्ट: घड्याळाआधी तुकडा बघा

स्लो कुकरमध्ये डुकराच्या मांसाचा अख्खा तुकडा ठेवायचा, झाकण लावायचं, बटण 'लो'वर फिरवायचं आणि आठ तासांनी काटा लावताच सुटणारा रोस्ट ताटात घ्यायचा, अशी या भांड्याची ख्याती आहे. ती खोटी नाही. तरीही पहिल्यांदा करणाऱ्या अनेकांच्या हाती येतो तो राखाडी, चोथट, चावून जबडा दुखवणारा गोळा. मग पुढच्या खेपेला तास वाढवले जातात. आठाचे दहा होतात, दहाचे बारा होतात आणि मांस आणखीच कोरडं पडतं. खरं तर बिघाड बहुतेक वेळा तासांत नसतोच. सुपरमार्केटच्या फ्रिजसमोर किंवा खाटकाच्या ओट्यावर चुकीचा तुकडा पिशवीत पडला, तेव्हाच तो झालेला असतो.

सर्वात जास्त फसवणारा तुकडा म्हणजे लॉइन. डुकराच्या पाठीवर, कण्याच्या दोन्ही अंगांनी धावणारा हा भाग. लांबट, एकसारखा, दिसायला देखणा आणि चरबी नावापुरती. तब्येतीचा विचार करणारा माणूस हमखास तोच उचलतो. पण या स्नायूला जिवंतपणी फारसं काम नसतं, त्यामुळे त्यात जोडऊती कमी असते आणि आतून ओलावा धरून ठेवेल अशी चरबीही नसते. आठ तासांच्या मंद आचेत त्याच्याकडून घेण्यासारखं काही नाही; पाणी तेवढं पिळून निघतं. टेंडरलॉइन हा त्याहून लहान आणि नाजूक पट्टा. तो तव्यावर किंवा ओव्हनमध्ये अर्ध्या-पाऊण तासाच्या आत होतो, त्याला स्लो कुकरची वाट दाखवूच नये.

इथे लागतो खांदा. अमेरिकेत, जिथे हे भांडं घरोघरी असतं, तिथे खांद्याचे दोन भाग विकले जातात. वरचा 'बॉस्टन बट' आणि खालचा, पुढच्या पायाकडे उतरणारा 'पिकनिक शोल्डर'. नावात 'बट' असलं तरी तो मागचा भाग नव्हे, खांद्याचाच वरचा हिस्सा आहे. पाकिटावर 'पोर्क शोल्डर रोस्ट' असंही लिहिलेलं असतं. या भागाने जनावराचं वजन पेललेलं असतं, त्यामुळे तो जाड तंतूंचा, मधूनमधून पांढऱ्या पडद्यांनी विणलेला आणि चरबीच्या रेघा असलेला असतो. कच्चा असताना तो ओबडधोबड वाटतो आणि किमतीलाही बहुधा लॉइनपेक्षा स्वस्त पडतो. हाडासकट मिळाला तर तोच घ्यावा. पात्याच्या हाडाभोवतीचं मांस अधिक चवदार असतं, आणि शिजल्याची खूणही हेच हाड देतं. 'बट' आणि 'पिकनिक' दोन्ही उपलब्ध असतील तर 'बट' निवडावा. त्यात चरबी मांसात नीट मुरलेली असते आणि कातडीही काढलेली असते.

महाराष्ट्रात आणि गोव्यात खाटकाला आधी सांगणं फार महत्त्वाचं. आपल्याकडे पोर्क म्हटलं की सुरा थेट बारीक तुकडे करायला सरसावतो, कारण बहुतेक गिऱ्हाइकांना ते रश्श्यासाठीच हवं असतं. 'पुढच्या खांद्याचा, दीड ते दोन किलोचा एकच अख्खा तुकडा, तोडू नका' असं स्पष्ट सांगावं. कातडी बरोबर येते. सॉरपोतेलसारख्या पदार्थात तिचं स्थान मोठं आहे, पण बंद झाकणाखालच्या वाफेत ती कुरकुरीत होणं शक्य नाही, ती रबरासारखी लिबलिबीत राहते. ती काढून घ्यावी आणि खालचा चरबीचा थर बोटाच्या अर्ध्या पेराएवढा ठेवावा.

हा सगळा आग्रह का, ते मांसाच्या आत काय घडतं हे पाहिलं की पटतं.

मांस तापू लागलं की साधारण 50 अंश सेल्सियसपासून स्नायूंतली प्रथिनं आवळू लागतात. साठी ओलांडली की जोडऊतीतलं कोलॅजेनही आकसतं आणि तंतूंमधलं पाणी बाहेर ढकलतं. 65 ते 75 अंशांच्या टप्प्यात मांस सर्वात निराश करणारं असतं. सुरक्षित शिजलेलं, पण घट्ट आणि कोरडं. अनेक जण नेमके इथेच झाकण उघडतात, सुरी लावून पाहतात आणि रोस्ट बिघडला असं ठरवून टाकतात. खांद्याच्या तुकड्यात मात्र खरी गंमत इथून पुढे सुरू होते. 70 अंशांच्या वर कोलॅजेन हळूहळू विरघळून जिलेटिन होऊ लागतं आणि 80 ते 95 अंशांच्या दरम्यान हे काम जोरात चालतं. पायाचं सूप रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी थरथरतं, ते हेच जिलेटिन. ते आणि वितळलेली चरबी तंतूंवर पसरते, आणि पाणी गमावलेलं मांस जिभेला रसरशीत लागतं. लॉइनमध्ये विरघळायला कोलॅजेनच फारसं नसतं, म्हणून त्याच्या नशिबी ही दुसरी पायरी येत नाही.

म्हणून घड्याळापेक्षा थर्मामीटरवर विसंबावं. टोकदार सळीचा डिजिटल थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो, आणि या एका पदार्थासाठीसुद्धा तो घेण्यासारखा आहे. सळी तुकड्याच्या सर्वात जाड भागात, हाडाला न लावता खुपसायची. पातळ काप करून वाढायचा असेल तर 82 ते 85 अंशांवर थांबावं. बोटांनी किंवा काट्यांनी रेषा सुट्या करायच्या असतील तर 92 ते 95 अंशांपर्यंत जाऊ द्यावं. थर्मामीटर नसेल तर काटा खुपसून किंचित पिळून पाहावा. विरोध न होता मांस फिरलं, आणि पात्याचं हाड ओढताच स्वच्छ निघून आलं, तर झालं. काटा अडला तर मांस बिघडलेलं नाही, कच्चं आहे. झाकण लावून तासभर वाट पाहावी. बाराव्या तासानंतर मात्र खांदाही टिकत नाही, रेषा मोडून लगदा होतो.

स्लो कुकरमागची कल्पना मुळात ज्यूंच्या शब्बाथच्या जेवणातून आली आहे. अमेरिकेतले संशोधक अर्विंग नॅक्सन यांना त्यांच्या आईनं लिथुआनियातल्या विल्ना शहरातली एक पद्धत सांगितली होती. शब्बाथच्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घराघरांतून चोलंट नावाच्या स्टूची भांडी गावच्या बेकरीत नेऊन ठेवत. भट्टीच्या उरलेल्या धगीवर ती रात्रभर शिजत. नॅक्सन यांनी भांड्याच्या सभोवती तारांची उष्णता देणारं उपकरण बनवलं, 1936 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1940 मध्ये ते मिळालं. 1970 मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीनं त्यांचा व्यवसाय विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी 'क्रॉक-पॉट' या नावानं ते बाजारात आणलं. बाहेर नोकरी करणाऱ्या बायकांना सकाळी भांडं लावून संध्याकाळी तयार जेवण मिळेल, असा त्याचा प्रचार होता आणि तो लागू पडला. 1975 मध्ये मेबल हॉफमन यांचं 'क्रॉकरी कुकरी' हे पुस्तक आलं आणि त्याचा प्रचंड खप झाला.

इतिहास सांगायचं कारण असं की उष्णता सभोवतून देण्याची ती रचना आजही पोर्क रोस्टच्या कामी येते. जाड मातीच्या भांड्याला बाजूंनी धग लागते, झाकणाखाली वाफ कोंडते आणि पाणी आटत नाही. त्यातून तीन गोष्टी निघतात. पाणी फार घालायचं नाही. दोन किलोच्या खांद्याला एक कप पुरे, कारण मांसच स्वतःचा दीड-दोन कप रस सोडतं. कंदमुळं भांड्याच्या तळाशी आणि कडेला लावायची, कारण गाजर-बटाटे या भांड्यात मांसापेक्षा सावकाश शिजतात आणि धग तिथे जास्त असते. आणि झाकण उघडायचं नाही. प्रत्येक वेळी झाकण उचललं की गेलेली वाफ आणि उष्णता भरून यायला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो. काचेतून बघावं, वास तर येतोच.

'लो' आणि 'हाय' यांत फरक शेवटच्या तापमानाचा असतो, असा समज आहे. पुष्कळ मॉडेलांत दोन्ही सेटिंग शेवटी उकळीच्या जरा खाली, जवळजवळ एकाच तापमानाला पोहोचतात. 'हाय' तिथे साधारण निम्म्या वेळात पोहोचतं, इतकंच. तरी खांद्यासाठी 'लो'च बरं. सावकाश तापल्यानं मांस वाटेतल्या 80-90 अंशांच्या पट्ट्यात जास्त काळ राहतं आणि बाहेरचा थर आतल्यापेक्षा फार पुढे जात नाही. दोन किलोला 'लो'वर आठ ते दहा तास, 'हाय'वर पाच ते सहा. सवड असेल तर पहिला एक तास 'हाय'वर ठेवून मग 'लो'वर आणावं. त्यामुळे कच्चं मांस जंतू वाढण्याच्या तापमानातून लवकर बाहेर पडतं.

आपला कुकर नेमका किती तापतो हे एकदा पाण्यावर तपासून घ्यावं. भांडं निम्म्यापेक्षा थोडं अधिक साध्या पाण्यानं भरायचं, झाकण लावून 'लो'वर आठ तास ठेवायचं आणि झाकण उघडल्या उघडल्या तापमान बघायचं. 85 ते 93 अंश आलं तर कुकर ठाकठीक. त्याहून कमी आलं तर त्यात मांस शिजवू नये. जास्त आलं तर पाककृतीतली वेळ तासा-दोन तासांनी कमी करावी. एकाच कृतीनं एकाच्या घरी मऊ आणि दुसऱ्याच्या घरी लगदा का होतो, याचं उत्तर बऱ्याचदा या साध्या चाचणीत सापडतं.

आता प्रत्यक्ष कृती. साडेपाच-सहा लिटरच्या कुकरसाठी दोन किलोचा खांदा.

आदल्या रात्री मांस कागदी रुमालानं कोरडं पुसावं आणि त्याला 30 ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचे सपाट पाच छोटे चमचे, सगळीकडून चोळावं. दोन छोटे चमचे भरड मिरपूड आणि ठेचलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्याही लावाव्यात. उघडंच ताटात ठेवून फ्रिजमध्ये टाकावं. मीठ रात्रभरात आत मुरतं आणि पृष्ठभाग सुकतो, त्याचा फायदा सकाळी होतो. अमेरिकेत मांस घेणाऱ्यांनी मात्र आधी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचावीत. तिथल्या पुष्कळ पोर्कमध्ये कारखान्यातच मिठाचं पाणी टोचलेलं असतं आणि त्याची टक्केवारी छापलेली असते. तसं असेल तर मीठ निम्मं करावं, नाहीतर शेवटचा रस खारट होऊन पूर्ण पदार्थ हातचा जातो.

सकाळी मांस परतायचं. ही पायरी गाळणारे खूप आहेत आणि ती गाळली तरी मांस मऊ होतंच. पण चवीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. परतल्यानं मांसाचा रस आत 'बंद' होतो हा समज एकोणिसाव्या शतकातले जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्यापासून चालत आला आहे, आणि तो चुकीचा आहे. मांसाला कडेनं कुलूप लागत नाही. परतायचं ते रंगासाठी आणि खमंगपणासाठी, कारण स्लो कुकरमधल्या ओल्या वाफेत मांसाला कधीच तांबूस रंग चढत नाही. बीडाचा तवा किंवा जाड बुडाची कढई चांगली तापवावी, दोन चमचे तेल घालावं, लसूण पुसून बाजूला काढावा (तो जळून कडू होतो) आणि तुकडा प्रत्येक बाजूनं तीन-चार मिनिटं न हलवता ठेवावा. गडद तपकिरी कवच येऊ द्यावं. मांस बाहेर काढून त्याच तव्यात तीन कांदे जाड चिरून परतावेत आणि एक कप स्टॉक किंवा सफरचंदाचा रस ओतून तळाला चिकटलेलं सगळं खरवडून घ्यावं. खरी चव तिथेच असते.

कुकरच्या तळाशी तीन गाजरं आणि चार बटाटे मोठ्या फोडी करून लावावेत, त्यावर परतलेला कांदा, बाजूला काढलेला लसूण आणि तव्यातला सगळा रस. मांस चरबीची बाजू वर करून ठेवावं, म्हणजे ती वितळून खाली पाझरते. एक-दोन आंबट सफरचंदं चार भाग करून भोवती टाकावीत. पोर्क आणि सफरचंद ही जोडी पाश्चात्त्य स्वयंपाकात फार जुनी आहे आणि रसात विरघळलेलं सफरचंद चरबीला छान तोलून धरतं. थाइमच्या दोन काड्या असतील तर ठीक, नसतील तर दोन तमालपत्रं. भांडं निम्म्याहून जास्त आणि दोन तृतीयांशाहून कमी भरलेलं असावं. अगदी थोडा माल असला तर कडा करपतात, काठोकाठ असला तर मधलं मांस तापायला फार वेळ लागतो. तीन किलोहून मोठा खांदा असेल तर त्याचे दोन भाग करावेत.

व्हिनेगर किंवा लिंबू घालायचं असेल तर बहुतांश शेवटी घालावं, कारण आंबट रसात बटाटा तासन्‌तास कडक राहतो. दही, दूध, साय हेही शेवटच्या अर्ध्या तासातच. आधी घातलं तर फाटतं.

मांस तयार झालं की ते ताटात काढून वर फॉइल झाकून वीस-पंचवीस मिनिटं तसंच राहू द्यावं. तोवर रसाकडे वळावं. वर तरंगणारी चरबी पळीनं काढून घ्यावी, पण फेकू नये. दुसऱ्या दिवशी बटाटे परतायला ती उत्तम. उरलेला रस पातेल्यात ओतून मोठ्या आचेवर निम्मा होईपर्यंत आटवावा. स्लो कुकरचा रस तसाच वाढणं ही या पदार्थाबद्दल सर्वात मोठी हयगय आहे. तो पाणचट असतो, पण दहा मिनिटं उकळला की त्यातलं जिलेटिन दाटतं आणि चमक येते. घाई असेल तर एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर दोन चमचे गार पाण्यात कालवून घालावं. अमेरिकेत त्यालाच कॉर्नस्टार्च म्हणतात. दोन मोठे चमचे ॲपल सायडर व्हिनेगर आणि मीठ चाखून शेवटी. वरचा थर खरपूस आवडत असेल तर मांस ओव्हनच्या ग्रिलखाली पाच मिनिटं धरावं.

एवढं जमलं की याच खांद्याचे अनेक पदार्थ होतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या लेक्सिंग्टन गावच्या पद्धतीत बार्बेक्यूसाठी फक्त खांदाच वापरतात आणि सुट्या केलेल्या मांसावर व्हिनेगर, टोमॅटो आणि मिरचीचं पातळ डिप ओततात. तिथला लाकडाचा धूर घरच्या कुकरला आणता येत नाही, पण ते आंबट डिप मात्र जसंच्या तसं लागू पडतं. धुरावर मांस भाजणारे लोक ज्या 'स्टॉल'बद्दल बोलतात, म्हणजे तापमान मध्येच कित्येक तास अडून बसतं, ती अडचण इथे फारशी येत नाही. ती पृष्ठभागावरून पाणी उडाल्यानं होते, आणि झाकणाखाली पाणी उडतच नाही. पेनसिल्व्हेनियात जर्मन वंशाच्या घरांमध्ये 1 जानेवारीला पोर्क आणि साउरक्राउट (आंबवलेला कोबी) खाणं शुभ मानतात. वर सांगितलेल्या कृतीत बटाटे-गाजरांऐवजी किलोभर निथळलेलं साउरक्राउट तळाशी पसरलं, मीठ निम्मं केलं, की तोच पदार्थ. हवाईच्या कालुआ पोर्कची घरगुती आवृत्ती तर आणखी सोपी: खांदा, जाडं मीठ आणि लिक्विड स्मोकचे (धुराच्या वासाच्या द्रवाचे) थोडे थेंब. मूळ पदार्थ जमिनीतल्या खड्ड्यात, तापलेल्या दगडांवर शिजतो.

गोव्याच्या घरांतला रोस्टही पुष्कळदा ओव्हनमध्ये नव्हे, भांड्यातच होतो. मसाला लावलेलं मांस थोड्या पाण्यात झाकून सावकाश शिजवायचं आणि शेवटी त्याच्याच चरबीत परतायचं. ही पद्धत स्लो कुकरला इतकी जवळची आहे की फार बदल करावे लागत नाहीत. दीड किलो खांद्याला बारा लसूण पाकळ्या, दोन पेरं आलं, एक छोटा चमचा मिरी आणि अर्धा चमचा हळद वाटून लावावी, वर तीन मोठे चमचे माडाचं व्हिनेगर आणि चार छोटे चमचे मीठ. रात्रभर मुरवावं, ॲल्युमिनियमच्या भांड्यात नको. कुकरमध्ये दालचिनीचा एक तुकडा, दोन लवंगा, तीन-चार चिरलेल्या हिरव्या मिरच्या आणि अर्धा कप पाणी. लवंग-दालचिनी नेहमीच्या निम्मीच घ्यावी. आठ तासांत अख्ख्या मसाल्यांचा अर्क इतका उतरतो की सवयीच्या प्रमाणात लवंग बाकी सगळ्यावर कुरघोडी करते. 82-85 अंशांवर काढून, पूर्ण गार करून काप पाडावेत आणि ते तव्यावर त्याच्याच चरबीत दोन्ही बाजूंनी तांबूस करावेत. आटवलेला रस वरून. सोबत पाव. वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन घरांत बाटली मसाला असतोच. वाटणात त्याचा एक मोठा चमचा घातला तर वेगळीच लज्जत येते.

लॉइनच घरात आला असेल तर? तो वाया जात नाही, फक्त त्याला वेगळं वागवावं लागतं. परतून घ्यायचा, 'लो'वर ठेवायचा आणि दोन तासांनंतर दर अर्ध्या तासानं थर्मामीटर बघायचा. या तुकड्यापुरता झाकण न उघडण्याचा नियम बाजूला. अमेरिकेच्या कृषी खात्यानं 2011 मध्ये पोर्कच्या अख्ख्या तुकड्यांसाठी 71 ऐवजी 63 अंश आणि नंतर तीन मिनिटं विश्रांती हे प्रमाण सुरक्षित ठरवलं. ते तिथल्या नियंत्रित पशुपालनाच्या मांसाला धरून आहे. भारतात डुकरं अनेक ठिकाणी मोकळी फिरतात आणि कच्च्या राहिलेल्या मांसातून पट्टकृमीचा धोका खरा आहे, म्हणून इथे मांस कुठून आलं याची खात्री नसेल तर लॉइनही 71 अंशांपर्यंत न्यावा. थोडा कोरडा होईल, भरपूर रस ओतून वाढावा. खांद्याच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही, कारण तो 80 अंशांच्या पुढेच नेलेला असतो.

सुरक्षेच्या आणखी काही गोष्टी अशा आहेत की त्यांत तडजोड करू नये. गोठलेलं मांस थेट कुकरमध्ये टाकू नये. ते 4 ते 60 अंशांच्या धोक्याच्या पट्ट्यात फार वेळ अडकतं. दोन किलोचा गोठलेला खांदा फ्रिजमध्ये सुटायला पुरते चोवीस तास द्यावेत. सकाळी भांडं भरून दुपारी आपोआप सुरू होईल असा टायमर लावू नये. आणि वीज. महाराष्ट्रात, विशेषतः शहरांबाहेर, दिवसा काही तास वीज जाणं नवं नाही. आपण घरी असताना वीज गेली तर मांस लगेच गॅसवर जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर पुढे शिजवावं. घराबाहेर असताना गेली, किती वेळ गेली ते कळायला मार्ग नाही, आणि परत आल्यावर भांडं कोमट आहे, तर ते मांस टाकून द्यावं. जीव हळहळतो, पण शिजलेलं दिसणारं कोमट मांस पोटात घालणं धोक्याचं आहे. जिथे वीज भरवशाची नाही तिथे रोस्टचा बेत घरी असण्याच्या दिवशीच करावा.

अमेरिकेतून परत येताना तिथला कुकर सामानात भरणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथली उपकरणं 120 व्होल्टची असतात. इथल्या 230 व्होल्टच्या प्लगला लावली तर जळतात, आणि पिन बदलणारा साधा अडॅप्टर काही कामाचा नाही; योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो. त्यापेक्षा इथेच मिळणारा स्लो कुकर घेणं सोयीचं. विजेचा खर्च मात्र भीतीदायक नाही. मध्यम आकाराचा कुकर दोनशे-अडीचशे वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे आठ तासांत दोन युनिटांच्या आतबाहेर.

आपल्या शिट्टीच्या कुकरमध्ये हे होणार नाही का? होईल, आणि तासा-सव्वा तासात होईल. खांद्याचे चार मोठे तुकडे करावेत, एक कप पाणी घालावं, मंद आचेवर शिजवावं आणि वाफ आपोआप जिरू द्यावी; शिट्टी उचलून वाफ सोडली तर मांस एकदम आवळतं. मांस मऊ होतं, मात्र काप पाडता येतील असा अख्खा रोस्ट हाती लागत नाही. अनेक कामं करणाऱ्या इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये 'स्लो कुक'चं बटण असतं, पण त्यात धग फक्त तळातून मिळते. दोन किलोच्या तुकड्याला त्यात वेळ अधिक लागतो हे गृहीत धरावं.

उरलेलं मांस शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, आणि तेही कुकरच्या जड भांड्यात नव्हे, उथळ डब्यांत. मातीचं भांडं तासन्‌तास गरम राहतं आणि आतलं मांस तेवढा वेळ कोमट पडून राहतं. तीन-चार दिवस ते चांगलं राहतं. परत गरम करताना स्लो कुकर वापरू नये, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये 74 अंशांपर्यंत वाफ निघेस्तोवर तापवावं. फ्रीझरमध्ये ठेवायचं असेल तर मांस रसात बुडवूनच ठेवावं. सुकं ठेवलं तर कडा वाळतात. दोन माणसांच्या घरात दोन किलो एकदम संपत नाही, तेव्हा जेवणापुरते छोटे डबे करून त्यावर तारीख लिहावी आणि ते दोन-तीन महिन्यांत वापरावेत.